प्रथिनयुक्त पाकीटबंद खाऊ घेताना गोडवा आणि पोषण कोणत्या क्रमाने तपासावे

बेळगावच्या व्यायामशाळांतील काउंटरपासून खानापूर-निपाणीच्या औषध दुकानांपर्यंत सगळीकडे आता ‘हाय प्रोटीन’ असे लिहिलेले बार, बिस्किटे, पफ्स आणि लाडू मिळू लागले आहेत. ते घेणाऱ्यांत सैन्यभरतीची तयारी करणारे तरुण असतात, मधुमेह असलेले ज्येष्ठ असतात आणि मुलांच्या डब्यात काय द्यावे या विवंचनेत असलेले पालकही असतात. तिघांच्या गरजा वेगळ्या, पण चूक बहुधा एकच होते. पाकिटाच्या दर्शनी बाजूवरचा प्रथिनांचा ठळक आकडा आणि ‘नो ॲडेड शुगर’ ही अक्षरे पाहून खरेदी उरकली जाते, आणि मागची बाजू घरी गेल्यावर, तीही पोट बिघडले तरच, वाचली जाते. खालचा क्रम मुद्दाम असा लावला आहे की कृत्रिम गोडव्याचा प्रश्न पाचव्या टप्प्यावर यावा. कारण आधीचे चार प्रश्न सुटले नसतील, तर गोडवा साखरेचा आहे की सुक्रालोजसारख्या कृत्रिम पदार्थाचा, याने फारसा फरक पडत नाही.

## पूर्वतयारी

पोट भरलेले असताना खरेदीला जावे आणि सोबत मोबाइल ठेवावा. पोषणाचा तक्ता आणि घटकांची यादी इतक्या बारीक अक्षरांत असते की छायाचित्र काढून ते मोठे करून वाचणे हाच सोपा मार्ग ठरतो. पुढच्या गुणाकार-भागाकारासाठीही मोबाइलच उपयोगी पडतो.

आपल्या भागात आणखी एक अडचण आहे. नियमानुसार सक्तीचा मजकूर इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत असावा लागतो, इतर भाषा ऐच्छिक असतात; त्यामुळे हातात येणाऱ्या बहुतेक पाकिटांवर इंग्रजी, क्वचित कन्नड, आणि मराठी जवळजवळ नसतेच. ज्येष्ठांनी घरातील शिकत्या मुलाकडून प्रोटीन, टोटल शुगर्स, ॲडेड शुगर्स, सॅच्युरेटेड फॅट, सोडियम, सर्व्हिंग साइझ, पॉलिओल्स आणि स्वीटनर हे आठ शब्द इंग्रजी अक्षरांसह एका कागदावर लिहून घ्यावेत आणि तो कागद पैशांच्या पाकिटात ठेवावा. एवढे शब्द ओळखता आले की निम्मे काम होते.

## १. हा खाऊ कशाच्या जागी येणार, ते आधी ठरवा

दुकानात पाऊल ठेवण्यापूर्वीच याचे उत्तर हवे. व्यायामानंतर लगेच जेवण मिळणार नसेल म्हणून घ्यायचा खाऊ वेगळा, संध्याकाळच्या फरसाणाऐवजी घ्यायचा वेगळा आणि मधुमेहामुळे बंद झालेल्या मिठाईची हौस भागवण्यासाठी घ्यायचा वेगळा. पहिल्यात प्रथिनांचे प्रमाण महत्त्वाचे असते, दुसऱ्यात एकूण ऊर्जा आणि मीठ, तर तिसऱ्यात साखर आणि इतर कर्बोदके. ही सगळी कामे चोख करणारे एकच पाकीट शोधत बसू नये.

त्यानंतर प्रथिनांची खरोखर उणीव आहे का, हे पाहावे. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशींनुसार निरोगी प्रौढाला दर किलो वजनामागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिने पुरतात, म्हणजे ६० किलो वजनाच्या व्यक्तीला सुमारे ५० ग्रॅम. आता ताटाचा हिशेब मांडू. शंभर ग्रॅम पिठाच्या ज्वारीच्या भाकऱ्यांतून सुमारे १० ग्रॅम, आमटीतील ३० ग्रॅम तूरडाळीतून ७ ग्रॅम, ४० ग्रॅम कोरड्या मटकीच्या उसळीतून ९ ग्रॅम, पाव लिटर दुधातून ८ ग्रॅम आणि मूठभर शेंगदाण्यांतून ६ ग्रॅम मिळाले, तर एवढ्यातच ४० ग्रॅम होतात. भात, दही आणि सकाळचा नाश्ता अजून धरलेलाच नाही. रोज जोराचा व्यायाम करणाऱ्याची, तालमीत जाणाऱ्याची किंवा भरतीसाठी पहाटे धावणाऱ्याची गरज किलोमागे १.२ ते २ ग्रॅमपर्यंत जाऊ शकते, आणि तिथे पाकिटाचा विचार करायला जागा आहे. दिवसभर दुकानात बसून काम करणाऱ्याने मात्र आधी उसळीची वाटी मोठी करावी.

सावधान : मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी जादा प्रथिनांचा कोणताही पदार्थ डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नये. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा गोळ्या घेणाऱ्यांनी जेवणाऐवजी असा बार खाण्याची सवयही परस्पर लावून घेऊ नये.

## २. खूण, परवाना, तारीख

हा टप्पा अर्ध्या मिनिटाचा आहे. चौदा अंकी परवाना क्रमांक आहे का ते पाहावे. शंका आल्यास ‘फूड सेफ्टी कनेक्ट’ या सरकारी ॲपवर तो पडताळता येतो. तारीख आणि ॲलर्जीची सूचना वाचावी, कारण अशा बहुतेक खाऊंत दूध, सोया किंवा शेंगदाणा यांपैकी काहीतरी असतेच.

शाकाहारी कुटुंबांनी खुणेकडे नीट लक्ष द्यावे. हिरव्या चौकटीतील हिरवे वर्तुळ शाकाहारी, तर तपकिरी चौकटीतील तपकिरी त्रिकोण मांसाहारी. कोलॅजन, जिलेटिन किंवा अंड्याचा पांढरा भाग वापरलेल्या बारवर त्रिकोण असतो. चिकोडी, अथणी, निपाणी भागातील जैन कुटुंबांना हिरवी खूण पुरेशी नाही, कारण ती मधाला चालते आणि कांदा-लसणालाही. त्यासाठी घटकांची यादी वाचण्यावाचून पर्याय नाही.

## ३. आकडा कोणत्या मापाचा आहे, ते पाहा

तक्त्यात साधारणपणे दोन रकाने असतात. एक १०० ग्रॅमचा आणि दुसरा एका ‘सर्व्हिंग’चा, म्हणजे कंपनीने ठरवलेल्या एका वेळच्या वाट्याचा. दोन पदार्थांची तुलना नेहमी १०० ग्रॅमच्या रकान्यावरून करावी आणि आपण प्रत्यक्ष काय खाणार याचा हिशेब पूर्ण पाकिटाच्या वजनावरून करावा. ६० ग्रॅमच्या पाकिटात ३० ग्रॅमची दोन सर्व्हिंग दाखवलेली असतील, तर सर्व्हिंगच्या रकान्यातील साखर, मीठ आणि उष्मांक सगळे दुप्पट धरावेत. पफ्सचे पाकीट अर्धे खाऊन रबर लावून ठेवणारे लोक कमीच असतात.

इथे ‘हाय प्रोटीन’ या दाव्याचा अर्थही समजून घेतला पाहिजे. भारतीय नियमांनुसार घन पदार्थाच्या १०० ग्रॅममध्ये रोजच्या शिफारशीच्या २० टक्के प्रथिने असली की असा दावा करता येतो. पुरुषाची ५४ ग्रॅमची शिफारस धरली, तर हा उंबरठा १०.८ ग्रॅमचा होतो. शेंगदाण्यांत १०० ग्रॅममागे सुमारे २५ ग्रॅम प्रथिने असतात, म्हणजे निम्मे दाणे आणि निम्मा गूळ घालून केलेली साधी चिक्कीसुद्धा साडेबारा ग्रॅमवर जाते. केवळ प्रथिनांच्या आकड्यावर पाहिले तर ती ‘हाय प्रोटीन’ ठरेल, मग तिच्यात चाळीस-पंचेचाळीस ग्रॅम साखर असली तरी. दावा खोटा नसतो; तो आपल्या प्रश्नाचे उत्तर मात्र नसतो.

तपासणी : पाकिटाचे निव्वळ वजन, एका सर्व्हिंगचे वजन आणि संपूर्ण पाकिटातील प्रथिने हे तीन आकडे न पाहता सांगता आले, तर पुढच्या टप्प्याकडे वळावे.

## ४. साखर दोन ओळींत वाचा

तक्त्यात ‘टोटल शुगर्स’ आणि ‘ॲडेड शुगर्स’ अशा दोन ओळी असतात. पहिलीत दुधातील, फळांतील आणि वरून घातलेली अशी सगळी साखर येते, दुसरीत फक्त वरून घातलेली. एकच ओळ वाचणे ही सर्वाधिक आढळणारी चूक आहे. खजुराच्या लगद्याने बांधलेल्या बारवर ‘ॲडेड शुगर शून्य’ असे दिसू शकते, आणि तरीही त्याच्या टोटल शुगर्स ३० ग्रॅमच्या पुढे असू शकतात, कारण खजुराच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग साखरच असतो. निरोगी धावपटूला त्यात वावगे काही नाही. मधुमेही व्यक्तीने मात्र पहिलीच ओळ प्रमाण मानावी.

दाव्यांतील फरकही लक्षात ठेवावा. ‘शुगर फ्री’ म्हणजे १०० ग्रॅममध्ये अर्ध्या ग्रॅमपेक्षा जास्त साखर नाही, आणि ‘लो शुगर’ म्हणजे घन पदार्थात ५ ग्रॅमपेक्षा जास्त नाही. ‘नो रिफाइंड शुगर’ या शब्दांनी मात्र साखर कमी असल्याची कोणतीही हमी मिळत नाही. त्या पाकिटात गूळ, मध किंवा काकवी असते, आणि ऊस-गुळाच्या पट्ट्यात वाढलेल्या आपल्यासारख्यांना गुळाबद्दल कितीही माया असली तरी रक्तातील साखरेच्या हिशेबात तो साखरेच्याच रांगेत बसतो. गोकाकचा करदंट असाच आहे. त्यात सुकामेवा आणि डिंक भरपूर असतो, पण बांधणी गुळाची असते. करदंट खायचा तर करदंट म्हणून, मोजून खावा, प्रोटीन बार म्हणून नव्हे.

यानंतर घटकांची यादी उघडावी. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने दिलेले असतात, त्यामुळे पहिले तीन-चार घटक म्हणजेच तो पदार्थ. ग्लुकोज सिरप, लिक्विड ग्लुकोज, इन्व्हर्ट सिरप, डेक्स्ट्रोज, फ्रुक्टोज, ब्राउन राइस सिरप, मध, गूळ, खजूर सिरप ही सगळी साखरेचीच मंडळी. एकच साखर पहिल्या क्रमांकावर येऊ नये म्हणून तीन वेगवेगळ्या साखरा थोड्या-थोड्या घातल्या, की त्या यादीत पाचव्या, सातव्या आणि नवव्या जागी विखुरतात. अशा वेळी तिन्ही मनातल्या मनात एकत्र करून वाचाव्यात.

सावधान : माल्टोडेक्स्ट्रिन (स्टार्चपासून केलेली पावडर) तांत्रिकदृष्ट्या बहुतांशी ‘शुगर्स’च्या ओळीत येत नाही, पण ते झपाट्याने पचून रक्तातील ग्लुकोज वाढवते. ‘शुगर्स २ ग्रॅम’ असलेल्या पाकिटात ते पहिल्या चार घटकांत असेल, तर मधुमेही व्यक्तीने एकूण कर्बोदकांचा आकडाच पाहावा.

रोजच्या मर्यादेचा अंदाज असा : पाकिटावरची टक्केवारी दिवसाला ५० ग्रॅम वाढीव साखर धरून काढलेली असते, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ती २५ ग्रॅमच्या आसपास ठेवणे अधिक हिताचे. म्हणजे पाकिटावर २० टक्के दिसले, तर कडक मापाने ते ४० टक्के समजावे. दिवसातून तीनदा साखरेचा चहा घेणाऱ्याने त्यात चहाची साखरही मिळवावी.

## ५. आता गोडव्याचा प्रकार ओळखा

साखर कमी आणि चव गोड असेल, तर गोडवा कुठून आला याचे उत्तर घटकांच्या यादीत असते. कधी नावाने, कधी आयएनएस क्रमांकाने, म्हणजे खाद्यपदार्थांत मिसळल्या जाणाऱ्या द्रव्यांना दिलेल्या आंतरराष्ट्रीय क्रमांकाने. सोयीसाठी दोन गट करावेत.

पहिला गट तीव्र गोडव्यांचा. सुक्रालोज (९५५), एसिसल्फेम पोटॅशियम (९५०), ॲस्पार्टेम (९५१), सॅकरिन (९५४), निओटेम (९६१) आणि स्टीव्हियातील ग्लायकोसाइड्स (९६०) हे त्यातील नेहमीचे. सुक्रालोज साखरेच्या सुमारे ६०० पट आणि ॲस्पार्टेम सुमारे २०० पट गोड असल्याने त्यांचे प्रमाण मिलिग्रॅममध्ये राहते. त्यांच्यापासून उष्मांक जवळजवळ मिळत नाहीत आणि रक्तातील साखर थेट वाढत नाही. यांच्याबद्दल टोकाची मते ऐकू येतात, म्हणून दोन गोष्टी नेमक्या माहीत असाव्यात. २०२३ च्या मे महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेने वजन आटोक्यात ठेवण्यासाठी अशा गोडव्यांचा आधार घेऊ नये अशी शिफारस केली. ती आधीपासून मधुमेह असलेल्यांना लागू केलेली नाही. त्याच वर्षी जुलैत कर्करोग संशोधनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने ॲस्पार्टेमला ‘२बी’, म्हणजे मर्यादित पुराव्यावर आधारित ‘संभाव्य कर्ककारक’ या गटात टाकले, पण सुरक्षित सेवनाची मर्यादा तज्ज्ञ समितीने दर किलो वजनामागे दिवसाला ४० मिलिग्रॅम अशी पूर्वीचीच ठेवली. ६० किलोच्या व्यक्तीसाठी ती २,४०० मिलिग्रॅम होते. अधूनमधून एक बार खाणाऱ्याने घाबरण्यासारखे यात काही नाही, आणि ‘शून्य साखर’ म्हणून दिवसाला तीन बार खाण्याची मुभाही यातून मिळत नाही. फिनाइलकीटोन्युरिया हा जन्मजात विकार असलेल्यांनी ॲस्पार्टेम पूर्ण टाळावे. पाकिटावर तशी सूचना असते.

दुसरा गट पॉलिओल्सचा, म्हणजे ‘शुगर अल्कोहोल’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या गोड द्रव्यांचा, आणि खरी गफलत इथे होते. माल्टिटॉल (९६५), सॉर्बिटॉल (४२०), आयसोमाल्ट (९५३), झायलिटॉल (९६७) आणि एरिथ्रिटॉल (९६८) हे मिलिग्रॅममध्ये नव्हे, ग्रॅममध्ये वापरले जातात. एका बारमध्ये दहा-पंधरा ग्रॅम सहज असू शकतात. ते ‘शुगर्स’च्या ओळीत मोजले जात नाहीत, पण माल्टिटॉलपासून ग्रॅममागे दोनहून थोडे अधिक उष्मांक मिळतात, साखरेपासून चार मिळतात, आणि माल्टिटॉल काही प्रमाणात रक्तातील साखरही वाढवते. एरिथ्रिटॉल या गटातला अपवाद आहे : त्याचे उष्मांक जवळजवळ शून्य असतात आणि बराचसा भाग आतड्यातून शोषला जाऊन लघवीवाटे बाहेर पडतो, त्यामुळे पोटाला त्रास तुलनेने कमी होतो. बाकीच्यांचा न शोषलेला भाग मोठ्या आतड्यात पाणी ओढतो आणि तिथले जिवाणू त्याचा वायू करतात. पोट फुगणे, गुरगुरणे, जुलाब ही ‘प्रोटीन पचले नाही’ म्हणून सांगितली जाणारी लक्षणे पुष्कळदा माल्टिटॉलची किंवा जोडीला घातलेल्या इन्युलिनसारख्या तंतूंची (फायबर) असतात. पॉलिओल्स १० टक्के किंवा अधिक असल्यास रेचक परिणामाची सूचना पाकिटावर छापावी लागते, ती शोधावी.

मऊ बारमध्ये ग्लिसरॉलही (४२२) आढळते. ते बार कडक होऊ नये म्हणून घालतात, चवीला गोड असते आणि त्याचे उष्मांक साखरेइतकेच असतात.

सावधान : काही पाकिटांवर एकूण कर्बोदकांतून तंतू आणि पॉलिओल्स पूर्ण वजा करून ‘नेट कार्ब्ज’ म्हणून छोटासा आकडा छापलेला असतो. माल्टिटॉल पूर्ण वजा करणे चूक आहे; मधुमेही व्यक्तीने निदान त्याचा निम्मा भाग कर्बोदकांतच ठेवावा.

सावधान : लहान मुलांच्या डब्यात कृत्रिम गोडव्याचा प्रोटीन खाऊ रोज देऊ नये. मुलाला त्याची गरज नसते, आणि अतिगोड चवीची सवय लागते ती वेगळीच. घरात कुत्रा असल्यास झायलिटॉलचा पदार्थ त्याच्या तोंडी लागू देऊ नये, ते त्याला विषारी असते.

## ६. प्रथिने कुठून आली आणि सोबत काय आले

घटकांत व्हे (दूध फाडल्यावर उरणाऱ्या पाण्यातील प्रथिने), दुधातील प्रथिने किंवा सोया आयसोलेट (सोयाबीनमधून वेगळी काढलेली प्रथिने) वरच्या क्रमांकावर असेल, तर प्रथिनांचा दर्जा चांगला समजावा. कोलॅजन किंवा जिलेटिन मुख्य असेल, तर आकडा मोठा असूनही त्यात ट्रिप्टोफॅन हे आवश्यक अमिनो आम्ल नसते, म्हणून स्नायूंसाठी तो आकडा पूर्ण धरू नये. चॉकलेटचे आवरण असलेल्या बारमध्ये पाम तेलाची संपृक्त चरबी (सॅच्युरेटेड फॅट) पाहावी. दिवसाची मर्यादा २२ ग्रॅम धरली जाते. पफ्स, चिप्स आणि प्रोटीन चिवड्यात सोडियम पाहावे. दिवसाची मर्यादा २,००० मिलिग्रॅम, आणि लोणचे-पापडाच्या ताटात त्यातील बराच वाटा आधीच संपलेला असतो.

## ७. दोन भागाकार करा

पहिला भागाकार ऊर्जेचा. प्रथिनांच्या ग्रॅमला ४ ने गुणावे आणि एकूण किलोकॅलरीने भागावे. माझे स्वतःचे माप असे आहे की प्रथिनांसाठी घेतलेल्या खाऊत निदान पाव ऊर्जा प्रथिनांतून यावी. दुसरा भागाकार पैशांचा : पाकिटाची किंमत भागिले पाकिटातील प्रथिने.

हिशेबापुरती दोन काल्पनिक पाकिटे घेऊ. पहिला बार ६० ग्रॅमचा, १२० रुपयांचा, २० ग्रॅम प्रथिने, २१६ किलोकॅलरी. दुसरा ४० ग्रॅमचा, ५० रुपयांचा, ६ ग्रॅम प्रथिने, १८४ किलोकॅलरी. दुसरा स्वस्त वाटतो, आणि १०० ग्रॅममागे १५ ग्रॅम प्रथिने असल्याने ‘हाय प्रोटीन’ही ठरतो. भागाकार केला की पहिल्याची ३७ टक्के ऊर्जा प्रथिनांतून येते, दुसऱ्याची फक्त १३ टक्के. प्रथिनांच्या एका ग्रॅमला पहिल्यात ६ रुपये पडतात, दुसऱ्यात ८ रुपयांहून जास्त. दुसरा बार म्हणजे महागडे बिस्कीट. पीनट बटरही याच मापाने पाहावे : २५ ग्रॅम प्रथिने असली तरी १०० ग्रॅममागे सुमारे ६०० किलोकॅलरी येतात, म्हणजे प्रथिनांचा वाटा १७ टक्क्यांच्या आसपास. ते चांगले अन्न आहे, पण मुख्यतः स्निग्धांशाचे.

तुलनेसाठी तिसरा पदार्थ नेहमी फुटाणे ठेवावा. शंभर ग्रॅमला २० रुपये धरले आणि प्रथिने २० ग्रॅमच्या आसपास धरली, तर ग्रॅमला एक रुपया पडतो, आणि गोडव्याचा प्रश्नच उद्भवत नाही. ज्या जिल्ह्यात सोयाबीन आणि हरभरा शेतातून येतो, तिथे हा पर्याय विसरणे विशेष महागात पडते.

तपासणी : एक किलोपेक्षा कमी वजनाच्या पाकिटावर ग्रॅममागे किंमतही छापलेली असते. ती संपूर्ण पदार्थाची असते, प्रथिनांची नव्हे.

## ८. आधी एक, मग खोका

सवलत आहे म्हणून पहिल्याच वेळी बारा बारचा खोका उचलू नये. एकच घ्यावा, पहिल्या दिवशी अर्धा खावा आणि तो भरती, शर्यत, परीक्षा किंवा लांबच्या एसटी प्रवासाच्या दिवशी नको. पोट ठीक राहिले, तर दुसऱ्या दिवशी पूर्ण खावा. घरी ग्लुकोमीटर असलेल्या मधुमेही व्यक्तीने खाण्यापूर्वी आणि दोन तासांनी साखर मोजून नोंद ठेवावी. ‘डायबेटिक फ्रेंडली’ या शब्दांपेक्षा ती नोंद अधिक विश्वासार्ह असते आणि डॉक्टरांना दाखवताही येते. त्रास झाल्यास दुसरा बार निवडताना नुसते कंपनीचे नाव बदलू नये, गोडव्याचा प्रकार बदलावा. माल्टिटॉलच्या एका बारऐवजी माल्टिटॉलचाच दुसरा घेतला, तर तेच पुन्हा घडेल.

पाकिटाच्या मागच्या बाजूचे छायाचित्र आणि बिल खाऊ संपेपर्यंत जपून ठेवावे. दावा आणि तक्ता यांत विसंगती आढळली किंवा माल खराब निघाला, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करताना दोन्ही लागतात. जुन्याच नावाच्या आणि त्याच रंगाच्या पाकिटातील घटक कंपन्या बदलत असल्याने, नवा खोका घेताना त्या छायाचित्राशी चौथ्या आणि पाचव्या टप्प्यातील ओळी पुन्हा ताडून पाहाव्यात.